विशेष शिक्षक : त्याचे काम आणि त्याची जबाबदारी

आमच्या शाळेवरून जाताना थांबून आत डोकावणारे गृहस्थ बहुधा दोन वाक्ये बोलतात. पहिले असे, "बाई, तुमची सहनशक्ती धन्य आहे." दुसरे जरा आवाज उतरवून बोलले जाते, "पण एवढं करून निष्पन्न काय होतं?" व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा विषयाची निवड माझ्यावरच सोपवली होती. मी ठरवले की या दोन वाक्यांनाच उत्तर द्यावे. इतकी वर्षे ती दारात उभी आहेत.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देते. सहनशक्ती हा आमच्या कामाचा मुख्य गुण नव्हे. सुतारालाही सहनशक्ती लागतेच. परंतु त्याला कामावर बोलावताना आपण तिची चौकशी करीत नाही, त्याला रंधा चालवता येतो की नाही हे विचारतो. विशेष शिक्षकाला "धन्य" म्हटले की त्याच्या हातात काही कसब आहे, ते शिकावे लागते आणि ते चुकूही शकते, ही गोष्ट आपोआप झाकली जाते. ज्याची पूजा होते त्याला जाब कोणी विचारीत नाही. आणि या धंद्यात जाब विचारला जाणे फार अगत्याचे आहे, कारण आमच्या चुकांची तक्रार आमचे विद्यार्थी सहसा करू शकत नाहीत.

दुसऱ्या वाक्याला मात्र तासभर लागेल.

प्रथम हे विद्यार्थी कोण ते सांगते. दृष्टी नसलेली, ऐकू न येणारी, मेंदूच्या पक्षाघाताने हातपाय ताब्यात नसलेली, बुद्धीची वाढ मंद असलेली, स्वमग्न, आणि बुद्धी चांगली असूनही अक्षरे किंवा अंक ज्यांच्या डोळ्यांपुढे ठरत नाहीत अशी मुले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मोजले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. या सर्वांना एकच शिक्षक शिकवू शकत नाही. आंधळ्या मुलाला ब्रेल शिकवणारा आणि बहिऱ्या मुलाला भाषा देणारा, यांच्या विद्या वेगळ्या. म्हणूनच १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्यानुसार या शिक्षकाने आपल्या शाखेचे शिक्षण घेऊन परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. ज्याला मुलांचा लळा आहे त्या प्रत्येकाने हे काम करावे, असे कायदा मानीत नाही. आणि ते योग्यच आहे.

आता ही विद्या आली कोठून? सुमारे सव्वादोनशे वर्षांमागे, १८०० साली, फ्रान्सच्या दक्षिणेकडील आव्हेरोन प्रांतात रानात एकटा राहिलेला बारा-एक वर्षांचा मुलगा सापडला. त्याला पॅरिसला आणले. पिनेल नावाच्या त्या काळच्या प्रख्यात वैद्याने त्याला तपासून निर्वाळा दिला की हा जन्मतःच मतिहीन आहे, सुधारणार नाही. इटार्ड नावाच्या तरुण डॉक्टराला हे पटले नाही. बहिऱ्यांच्या संस्थेत तो काम करीत होता. त्याने मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले आणि सुमारे पाच वर्षे त्याला शिकवले. व्हिक्टरला दूध फार आवडे. तेव्हा "दूध" हा शब्द बोलून मागितल्याशिवाय ते द्यायचे नाही, असा इटार्डने घाट घातला. मुलगा शब्द उच्चारू लागला; परंतु दूध पेल्यात पडल्यावर, आनंदाने! मागण्यासाठी नव्हे. इटार्ड खट्टू झाला. पण त्याने लाकडी अक्षरेही शिकवली होती. एके दिवशी व्हिक्टरने ज्या घरी त्याला रोज दूध मिळे तेथे जाताना "दूध" शब्दाची चार फ्रेंच अक्षरे स्वतःहून खिशात घातली, आणि तेथे पोहोचताच ती टेबलावर ओळीने मांडली.

श्रोतेहो, आमच्या सगळ्या शास्त्राची मेख या प्रसंगात आहे. मुलाने शब्द उच्चारला तेव्हा शिक्षकाची इच्छा पुरी झाली होती. त्याने अक्षरे खिशात घालून नेली तेव्हा त्याच्या स्वतःच्या हाती एक साधन आले. पहिल्याला आम्ही पाठ म्हणतो, दुसऱ्याला शिक्षण. व्हिक्टर पुढे बोलू लागला नाही. इटार्डने आपला प्रयोग फसला असे मानून काम सोडले. मात्र त्याच्या शिष्याने, सेगँने, त्याच रीती मतिमंद मुलांसाठी वाढवल्या, आणि त्या दोघांचे लेखन वाचून मारिया माँटेसरीबाईंनी आपले पहिले प्रयोग रोममधील अशाच मुलांवर केले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामुळे माँटेसरी पद्धती आपल्या दारी आली. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून ज्या कोणी बालवाडीत "अ" गिरवला असेल, त्याच्या शिक्षणाचा उगम अशा मुलांच्या शाळेत आहे, ज्यांच्याविषयी आपण आज विचारतो की यातून निष्पन्न काय होते.

दुसरी गोष्ट हेलन केलरची. ती आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. पाण्याच्या पंपाखाली धरलेला हात, त्या हातावर लिहिलेली अक्षरे, आणि १८८७ च्या एप्रिलातला तो क्षण. शिक्षिका ॲन सलिव्हन तेव्हा अवघी वीस वर्षांची, स्वतः डोळ्यांनी अधू. पण मला पंपापेक्षा त्याच्या मागचे-पुढचे आठवडे अधिक मोलाचे वाटतात. आरंभी हेलन सर्वांच्या ताटातले हाताने ओढून खाई, आणि आईवडील दयेपोटी तिला तसे करू देत. सलिव्हनबाईंनी तिला घेऊन आवारातल्या एका लहान घरात दोन आठवडे वेगळे राहण्याची परवानगी मागितली. हे झाले मागचे. पुढचे असे की, पंपाच्या प्रसंगानंतर काही दिवसांनी त्यांनी हेलनच्या लहानशा चुलत भावंडाकडे पाहिले. ते मूल शब्द पाठ करीत नव्हते. त्याच्याभोवती लोक बोलत होते आणि ते समजून घेत होते. बाईंनी ठरावीक वेळेचे धडे बंद केले आणि दिवसभर, पूर्ण वाक्यांत, त्या हेलनच्या तळहाताशी बोलू लागल्या. स्वतःच ठरवलेली पद्धत महिन्याभरात मोडून टाकण्याचे धैर्य त्यांच्यात होते. हेलन पुढे १९०४ साली पदवीधर झाली, १९५५ साली भारतात येऊन गेली. पण माझ्या मते त्या धड्यांच्या वेळापत्रकाला जी मूठमाती मिळाली, तेथेच निम्मे काम झाले होते.

एवढ्या थोरांच्या कथा सांगून झाल्यावर मी शर्टाच्या बटणाकडे येते, कारण माझे आयुष्य त्यातच गेले.

बटण लावणे ही आपणांस एक क्रिया वाटते. ती एक नाही. डाव्या हाताने काजाची कड धरावयाची, उजव्या चिमटीत बटण उभे करावयाचे, ते काजात अर्धे सारावयाचे, मग हातांची अदलाबदल करून पलीकडून बाहेर आलेली कड पकडावयाची, आणि ओढावयाची. पाच पायऱ्या झाल्या. आम्ही शेवटच्या पायरीपासून आरंभ करतो. चार पायऱ्या शिक्षक करतो. बटण अर्धे बाहेर आलेले असते. मुलाने फक्त ओढावयाचे. असे का? कारण पहिल्या पायरीपासून सुरू केले तर मूल धडपडते आणि शेवटी काम पुरे करतो तो शिक्षक. शेवटापासून सुरू केले तर प्रत्येक खेपेस काम पुरे होते ते मुलाच्या हातून. ओढणे साधले की एक पायरी मागे सरकावयाचे. मदतही अशीच उतरत्या क्रमाने काढून घ्यावयाची. आधी मुलाच्या हातावर हात, मग मनगटाला आधार, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोटाने खूण, मग काहीच नाही. हे "काहीच नाही" सर्वांत कठीण आहे. दहा सेकंद गप्प बसून पाहणे म्हणजे काय, हे घड्याळ लावून एकदा घरी करून पाहावे.

आणखी एक गंमत सांगते. बाजारात लाकडी चौकटीवर ताणलेले बटणांचे कापड मिळते. त्यावर मुले तरबेज होतात आणि अंगातला शर्ट तसाच उघडा राहतो! कारण चौकटीवरचे बटण समोर दिसते, छातीवरचे वरून दिसते, आणि हातांची दिशा उलटी होते. जेथे वापरावयाचे तेथेच शिकवावे, हा नियम आम्हांला चौकटींवर बराच पैसा घालवल्यावर कळला.

आता माझी स्वतःची एक चूक. आमच्या शाळेत बारा वर्षांचा एक मुलगा होता. संध्याकाळी पावणेपाचला शाळेची गाडी निघे. खेळून आल्यावर सर्वांना कपडे बदलून तयार करावयाचे, चालक बाहेर कर्णा वाजवतो आहे, अशा घाईत त्याच्या शर्टाची बटणे मी लावून देत असे. अशी दोन वर्षे गेली. माझ्या नोंदवहीत त्याच्यापुढे "बटणे : पूर्ण मदत" असे प्रत्येक तिमाहीला लिहिलेले आहे. एकदा पालकसभेत त्याची आई म्हणाली, "बाई, घरी तो वरचं एक सोडून सगळी बटणं स्वतः लावतो. शाळेत नाही का लावत?" दुसऱ्या दिवशी मी पाहिले. पावणेपाच वाजले आणि तो माझ्यापुढे येऊन छाती पुढे काढून उभा राहिला. तो काही विसरला नव्हता. त्याला जे शिकवले गेले होते ते तो चोख करीत होता : शाळेत, या वेळी, बाई बटणे लावतात. मी त्याला दोन वर्षे नेमाने शिकवले होते ते हेच. त्यानंतर आम्ही कपडे बदलण्याची वेळ वीस मिनिटे अलीकडे आणली. कर्णा अजूनही वाजतो.

यावरून नोंदवहीचा विषय निघतो. प्रत्येक मुलासाठी एक वैयक्तिक शिक्षण योजना करावयाची असते. ती करताना "मुलाची प्रगती व्हावी" अशी वाक्ये लिहिण्याचा मोह फार होतो, कारण ती कधीच खोटी ठरत नाहीत. योजनेतले वाक्य असे हवे : चार वस्तू पुढे ठेवल्या असता हवी ती बोटाने दाखवील, पाच खेपांपैकी चार वेळा, दिवाळीच्या सुटीपूर्वी. मग दिवाळी आली की जाब देता येतो. नाही जमले तर मूल नापास होत नाही, योजना नापास होते. आणि ती बदलावयाची असते, जशी सलिव्हनबाईंनी बदलली.

एका जबाबदारीविषयी मात्र जरा सावकाश बोलावेसे वाटते. आमच्या वह्यांत "आज्ञा पाळते" हा शेरा प्रगतीचा समजला जातो. बस म्हटले की बसते, हात वर म्हटले की हात वर करते. पाहुणे येतात, त्यांच्यापुढे हे करून दाखवले जाते, टाळ्या पडतात. पण जिला दहा वर्षे प्रत्येक मोठ्या माणसाचे म्हणणे ऐकावयास शिकवले, ती मुलगी चौदाव्या वर्षी अनोळखी माणूस "चल" म्हणाला की जाते. ओळखीचा म्हणाला तर विचारूच नका. म्हणून "नाही" म्हणणे हाही अभ्यासक्रमाचा भाग हवा. जिला बोलता येत नाही तिला मान हलवून, हाताने दूर सारून, चित्रावर बोट ठेवून नकार देता आला पाहिजे. आणि तिने क्षुल्लक गोष्टीत दिलेला नकार आम्ही मानला पाहिजे, नाहीतर मोठ्या प्रसंगी तो तिला आठवणार नाही. भात नको म्हणाली तर एक दिवस भात नको. शरीराच्या अवयवांची नावे, कोणी कोठे हात लावावयाचा नाही, न्हाणीघराचे दार लावून घेणे, हे सर्व शिकवावे लागते. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याने तर, असा गुन्हा घडल्याचे कळले किंवा तसा धोका दिसला तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, आणि न कळवणे हाही गुन्हा आहे. संस्थेची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणारा शिक्षक कायद्याने दोषी ठरतो. मुलीपुढे तो त्याआधीच ठरलेला असतो.

चांगल्या हेतूने केवढे अनर्थ होतात याचे सर्वांत मोठे उदाहरण बहिऱ्यांच्या शिक्षणात आहे. १८८० साली इटलीतील मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तेथे ठराव झाला की बहिऱ्या मुलांना तोंडानेच बोलावयास शिकवावे, खुणांची भाषा शाळांतून काढून टाकावी. मत देणारे जवळजवळ सर्वच ऐकू येणारे होते. मुले समाजात मिसळावीत हाच त्यांचा हेतू. परिणाम असा झाला की देशोदेशींच्या शाळांतून बहिरे शिक्षक कमी होत गेले, मुलांना हात गप्प ठेवावयास सांगितले जाऊ लागले, आणि ज्यांना ओठ वाचणे साधले नाही त्यांच्या वाट्याला धड बोलणेही आले नाही व खूणभाषाही आली नाही. आपल्याकडील पुष्कळ शाळाही याच मताच्या छायेत वाढल्या. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षे लागली! दिल्लीला भारतीय खूणभाषेची केंद्रीय संस्था २०१५ साली निघाली आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात या भाषेला प्रमाणरूप देण्याचे कलम आले. बोलावयास शिकवू नये असे मी म्हणत नाही. श्रवणयंत्र किंवा कानातील रोपण लवकर मिळाले तर पुष्कळ मुले उत्तम बोलतात. परंतु कोणती तरी एक भाषा मुलाला बालवयातच पुरी मिळाली पाहिजे, आणि कोणती, हे ठरवताना बहिऱ्या मोठ्या माणसांनाही विचारले पाहिजे.

हल्ली अशी पुष्कळ मुले साध्या शाळेत जातात आणि तेच इष्ट आहे. पण तेथे विशेष शिक्षक आला की वर्गशिक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात : "तुमचं मूल घेऊन जा." मग त्या मुलाला एका कोपऱ्यात रंगीत खडू देऊन बसवतात. हजेरीपटावर ते वर्गात असते, एवढेच. खरे म्हणजे तेथे आमचे निम्मे काम वर्गशिक्षकाबरोबर असते. फळ्यावर लिहिताना तोंडाने म्हणा, म्हणजे न दिसणाऱ्या मुलाला कळेल. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, म्हणजे ओठ वाचणाऱ्या मुलाला कळेल. एवढ्याने पुष्कळ साधते, आणि इतर मुलांनाही ते सोयीचे पडते. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला निदान वीस मिनिटे जादा मिळतात. पण लेखनिकाला उत्तर सांगणे ही वेगळी कला आहे. परिच्छेद कोठे पाडावयाचा, आकृतीतील नाव कोठे घालावयाचे, हे सांगण्याचा सराव वर्षभर करून घ्यावा लागतो. तो न करता परीक्षेच्या दिवशी लेखनिक दिला तर मुलगा त्याच्याकडे आणि तो मुलाकडे पाहत बसतो.

असे शिक्षक पुरेसे आहेत का? नाहीत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, केंद्र सरकार नियम करीपर्यंत प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक व वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा. ज्यांची कंत्राटी नेमणूक वर्षावर्षाने वाढते आणि जे आज या शाळेत तर उद्या त्या शाळेत जातात, अशांकडून मी मघाशी सांगितलेल्या दिवाळीपर्यंतच्या योजनेची अपेक्षा करणे धाडसाचे आहे.

पालकांविषयी दोनच गोष्टी. एक, शिक्षकाने खोटी आशा देऊ नये. "सहा महिन्यांत बोलेल" असे सांगणारे गावोगाव भेटतात आणि आईच्या बांगड्या जातात. आम्ही आजार बरा करीत नाही. तो आमचा प्रांत नाही. दुसरी गोष्ट कायद्याची. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याप्रमाणे स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. जिल्हाधिकारी त्या समितीवर असतात. "आमच्या मागे याचं कसं?" हा प्रश्न प्रत्येक आई कधी ना कधी विचारते, आणि बहुधा उशिरा विचारते. मुलगा पंधराचा झाला की तो शिक्षकाने काढावा. अप्रिय असला तरी.

आता दर शुक्रवारी आम्ही काय करतो ते सांगून थांबते. वरच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही बाजारात जातो. प्रत्येकाच्या खिशात वीस रुपये आणि हव्या त्या वस्तूचे चित्र. पहिल्या शुक्रवारी आमच्या वाण्याने नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहून विचारले, "काय हवंय याला, बाई?" मी म्हटले, "त्यालाच विचारा." मागे चार गिऱ्हाइके ताटकळत होती. मुलाने चित्र काढायला बराच वेळ लावला, ते उलटे धरले, मग सरळ केले. वाण्याने डबा चाचपून बिस्किटांचा पुडा दिला आणि उरलेले पैसे माझ्या हातावर ठेवू लागला. मी हात मागे घेतला. तेव्हा त्याने ते मुलाच्या हातावर ठेवले. आम्ही दहा पावले गेलो असू. मुलगा थांबला, पुड्याकडे पाहिले, चित्राकडे पाहिले, परत फिरला आणि पुडा फळीवर ठेवून मान हलवली. बिस्किटे चुकीची होती. वाणी म्हणाला, "अरेच्चा, हे नको काय? माझं चुकलं बघ," आणि त्याने दुसरा पुडा काढला.